दारातला तिवडा

बोरतळ्याच्या कॉलेजचं मैदान माळाच्या पायथ्याशी आहे. कडेनं पळायची पट्टी आखलेली, मधे हिरवळ, एका बाजूला बसायच्या पायऱ्या. दर्शनी बाजूला दगडी कमान आहे आणि कमानीवर कॉलेजचं नाव कोरलं आहे. हे सगळं इतर ठिकाणी असतं तसंच. पण या कमानीच्या बरोबर मधोमध एक लाकडी खांब उभा आहे. खांब काळाभोर, माणसाच्या उंचीचा, आणि गुडघ्याच्या वर त्याला एक खोल खाच पडलेली. खांबाच्या दोन्ही अंगांनी माणूस जातो, सायकल हातात धरली तर तीही जाते. मोटार मात्र कोणाचीही असो, बाहेरच थांबते.

बाहेरगावचे संघ स्पर्धेला येतात तेव्हा हमखास याच खांबापाशी अडतात. गेल्या खेपेला एका बसच्या ड्रायव्हरनं काचेतून डोकं बाहेर काढून विचारलं, "नाना, ही कमान बांधणारा गवंडी मधीच जेवायला गेला हुता का काय? खांब काढायचा इसरला की."

कमानीच्या ओट्यावर भिकूनाना गडदे बसलेले होते. ते गावातलं जुनं माणूस. त्यांनी ड्रायव्हरला खाली उतरायला सांगितलं. "खांब आधीचा हाय, कमान नंतरची," ते म्हणाले. "उतर. गाडी काय आत जात न्हाई, घडीभर बस हितं."

मग नाना सांगतात ते असं.

त्या काळी इथं कॉलेज नव्हतं, मैदानही नव्हतं. इथं गावाचं खळं होतं. खळं म्हणजे मळणीची जागा. माती चोपून, सारवून, ताटासारखी सपाट केलेली. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कुंपणाला एकच दार, आणि दाराच्या दोन बाजूंना दोन उभे दगड. खळ्याच्या मधोमध एक खांब रोवलेला असे, त्याला तिवडा म्हणतात. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं भोवती पसरायची, तिवड्याला दोर बांधायचा, दोराला ओळीनं बैल जुंपायचे आणि गोल गोल फिरवायचे. त्यांच्या खुरांखाली दाणा सुटायचा. बैलांच्या त्या ओळीला पात म्हणतात. तिवड्याजवळचा बैल थोडंच चालतो, म्हणून तिथं म्हातारं जनावर. बाहेरच्या टोकाच्या बैलाला सगळ्यात लांबचा फेरा, म्हणून तिथं तरणा, पळणारा. पळायच्या पट्टीवर खेळाचे सर आज पोरांना बाहेरच्या फेऱ्याचं जे गणित समजावून सांगतात ते इथल्या बैलांना आधीच ठाऊक होतं, असं नाना म्हणतात.

एका वर्षी गुरांमधे बुळकांडीची साथ आली. आजच्यासारखी लस तेव्हा नव्हती. दिवाळीपासून गोठे रिकामे व्हायला लागले आणि शाळू काढणीला आला तेव्हा बोरतळ्यात जुंपण्याजोगं एकही जनावर उरलं नव्हतं, असं सांगतात. पीक मात्र त्या वर्षी चांगलं आलं होतं. कणसं खुडून खळ्यावर यायला लागली. खळं सारवायला शेणसुद्धा मिळालं नाही, नुसत्या मातीनं चोपलं. आणि ऐन फाल्गुनात आभाळ भरून यायला लागलं. कणसं भिजली तर दाणा काळा पडणार, खायलाही नाही आणि पुढच्या पेरणीलाही नाही.

तेव्हा दाजीबा म्हेत्रे खळ्याचा कारभार बघत. कोणाची पाळी कधी, पात कशी बांधायची, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. ते म्हणाले की बैल नाहीत तर माणसं जुंपा. कोणी हसलं, कोणी तोंड फिरवलं, पण दुसरा उपाय कोणाकडे नव्हता. पुरुषांनी शिवारातून गाड्या ओढून आणायच्या आणि बायकांनी, म्हाताऱ्यांनी पातीत फिरायचं असं ठरलं. चिमाआत्या नावाची एक तोंडाळ बाई होती. कमरेला दोर बांधून घेताना ती म्हणाली म्हणे, "दाजी, मुसकीबी बांधा. न्हाईतर आमी कणसं खाऊन टाकू." त्या वर्षी खळ्यावर एवढंच काय ते हसू झालं.

या पातीत हौसा नावाची एक बाई होती. सिदू शेळक्याची बायको. वय अगदी कमी, आणि पदरात गजरा नावाची तान्ही लेक. गजरा नुकतीच रांगायला लागली होती. याआधी हौसाचं एक मूल गेलं होतं, त्यामुळं ती गजराला क्षणभर नजरेआड होऊ देत नसे. स्वयंपाक करतानासुद्धा लेकरू अशा जागी बसवी की भाकरी उलटताना दिसेल. लोक तिला नावं ठेवत. हौसाला लेक झाली का तिसरा डोळा फुटला, रात्रंदिवस तिथंच लावून बसती, असं बायका पाणवठ्यावर म्हणत.

हौसानं दाजीबांना विनंती केली की मला तिवड्याजवळ धरा, लेकरू पाठीशी बांधून फिरते. दाजीबांनी ती मानली नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, खळ्यात तान्हं मूल आणायचं नाही. मूल कुठंही ओलं करतं, आणि हे गावाचं अन्न आहे. ही रीत त्यांच्या आजापासूनची होती. दुसरी, तरणं माणूस तिवड्याला धरलं तर पात फिरणार कशी? हौसा गावात सगळ्यात चपळ होती, तेव्हा तिची जागा बाहेरच्या टोकाला. तिवड्याजवळ तिची सासू ठकूबाई, कारण ती एका पायानं लंगडत असे. आणि पसरलेली कणसं मळून होईपर्यंत कोणी पात मोडायची नाही, हेही त्यांनी बजावलं. मधेच पात मोडली तर धान्याच्या राशीची बरकत जाते, अशी समजूत होती.

हौसा "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दाराबाहेर, गाडीवाटेच्या कडेला एक कडुलिंब होता. त्याच्या सावलीत तिनं गोधडी अंथरली, गजराला वर बसवलं, हातात एक कणीस दिलं. लेकराच्या पायात घुंगरं लावलेला वाळा होता. सांभाळायला मागं कोणाला ठेवावं, तर ज्याला चालता येत होतं ते प्रत्येक माणूस कामाला लागलेलं. हौसानं वाळा चाचपून पाहिला, पक्का आहे की नाही ते, आणि जाऊन कमरेला दोर बांधून घेतला.

पात फिरायला लागली. अर्ध्या फेऱ्यात दार समोर असे, दारातून लिंब दिसे, गोधडीवरचं लेकरू दिसे. उरलेल्या अर्ध्यात दार पाठीमागं जाई. तेव्हा हौसा नुसतं ऐके. पायाखाली कणसं चरचरत होती, बायका धापा टाकत होत्या, आणि त्या सगळ्यातून ती घुंगराचा आवाज वेचून काढत होती. आवाज आला की पाऊल पडे. नाही आला की दार पुन्हा कधी समोर येतंय असं होई.

दार लवकर यावं म्हणून ती भरभर चालू लागली. मग पळू लागली. बाहेरचं टोक पळालं की सगळ्या पातीला पळावं लागतं. चिमाआत्यानं तिला शिव्या दिल्या, म्हाताऱ्या रडकुंडीला आल्या. दाजीबा मात्र खूश झाले. हौसाच्या अंगात आई आली, असं ते कडेला उभं राहून म्हणू लागले, आणि आज रास घरात जाणार असं लोकांना वाटायला लागलं. हौसाच्या अंगात कोणी आलं नव्हतं. तिला फक्त दार बघायचं होतं.

दुपार कलली तसं आभाळ खाली आलं. वारा सुटला, आणि त्या वाऱ्यात घुंगराचा आवाज हरवला.

तेव्हा पात दाराकडं पाठ करून होती. हौसानं कान दिला. काहीच नाही. ती वळणावर आली, दार समोर आलं, आणि तिला लिंबाखालची गोधडी रिकामी दिसली. लेकरू दारात होतं. आई दिसावी म्हणून रांगत आलं होतं ते, आणि दोन दगडांच्या मधे, बरोबर गाडीच्या चाकोरीत बसून आत बघत होतं. आई दिसली तसं हसलं.

त्याच्या पाठीमागं उतारावरून गाडी येत होती.

गाडी कणसांनी इतकी उंच भरलेली होती की मागच्या माणसांना पुढचं काही दिसत नव्हतं. चढावर पुरुष जू धरून पुढून ओढत आणि उतारावर मागं जाऊन दोरानं ताणून धरत. त्यांच्यात सिदूही होता, गजराचा बाप. पाऊस येणार म्हणून सगळे घाईत होते. दोर हातातून निसटला, आणि गाडी मोकळी सुटली. ते मागून ओरडत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. बाजूला होण्याएवढं लेकरू मोठं नव्हतं.

हौसानं फेरा सोडला आणि सरळ दाराकडं धाव घेतली. कमरेला गाठ होती, गाठीला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला जमिनीत रोवलेला तिवडा. सगळी पात एका रेषेत ताणली गेली आणि ती जागच्या जागी अडली. दाजीबा ओरडले की पात मोडू नका. बायका बावरल्या, कोणी थांबलं, कोणी खाली बसलं.

तिवड्याजवळ ठकूबाई होती. लंगड्या पायामुळं ती सगळ्यात हळू फिरत होती, म्हणून तिचं लक्ष चहूकडं होतं. तिनं नातीला पाहिलं आणि गाडीही पाहिली. आयुष्यात सुनेला कधी धड हाक न मारलेली ती बाई ओरडली, "वढा! हौसाच्या मागं वढा!"

आणि पातीनं ओढलं. कोणी म्हणतात देवीनं बळ दिलं. कोणी म्हणतात दिवसभर पात पळून पळून तिवडा बुडाशी ढिला झाला होता. नानांचं म्हणणं असं की त्या दिवशी पातीत ज्या बायका होत्या त्या सगळ्यांना कधी ना कधी लेकरं झालेली होती, यापेक्षा जास्त कारण शोधायला नको. तिवडा जमिनीतून उपटून आला. हौसा दारात पोचली, लेकरू उचललं, आणि थांबली नाही, लिंबाच्या अंगाला तशीच पळत सुटली. तिच्यामागं सगळी पात माळेतल्या मण्यांसारखी दारातून बाहेर ओढली गेली. सगळ्यात शेवटी ठकूबाई फरफटत बाहेर पडली. तिच्या मागून तिवडा आला आणि दोन उभ्या दगडांच्या मधे तिरपा अडकला.

गाडी त्याच्यावर आदळली. चाकाची लोखंडी धाव लाकडात रुतली. कणसं चहूकडं उडाली. आणि गाडी थांबली.

सिदू धावत आला तेव्हा काय झालं हे त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. तो वाटेतच खाली बसला आणि लेकराचा वाळा घातलेला पाय हातात धरून राहिला, एवढंच सांगतात.

आता दुसरी अडचण. निम्मी कणसं मळायची राहिली होती, आभाळ तर डोक्याला टेकलं होतं. दाजीबांनी तिवडा काढून आणायला सांगितलं. पण तो असा घट्ट बसला होता की निघेना, आणि त्याचा खड्डाही ढासळलेला. नवा खांब शोधून रोवेपर्यंत पाऊस आला असता.

हौसानं कमरेची गाठ सोडली. लेकरू कडेवर घेतलं आणि खळ्यात पाऊल टाकलं. त्या खळ्यात तान्हं मूल पहिल्यांदाच आलं होतं. कोणी तिला अडवलं नाही. ती मधोमध गेली, तिवड्याच्या खड्ड्यात पाय रोवून उभी राहिली, आणि दोराचा फास हातात धरला.

"तिवडा दारातच ऱ्हाऊ द्या, दाजी," ती म्हणाली. "त्यो दार राखील. हितं मी उभी ऱ्हाते."

दाजीबांनी विचारलं, "आन् लेकरू?"

"लेकरू आत असल्याबिगर हितं पात फिरायची न्हाई. आजबी न्हाई आन् माझ्या मागंबी न्हाई."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण खळ्यावर उभं राहून बोललेला शब्द म्हणजे शपथ, असं तेव्हा मानत. दाजीबांनी आभाळाकडं पाहिलं, मग दारात अडकलेल्या तिवड्याकडं पाहिलं. त्यांच्या आजापासूनची रीत होती, ती एका बाईनं दोन शब्दांत मोडली होती. आणि ती रीत पाळली म्हणूनच लेकरू दाराबाहेर बसलं होतं, हेही त्यांना तेव्हाच उमगलं असावं. ते स्वतः पुढं झाले, दोराला धरून सगळ्यांना म्हणाले, "धरा."

या खेपेला बाहेरच्या टोकाला सिदू होता. पात हौसाच्या भोवती फिरली आणि हौसा जागच्या जागी फिरत राहिली, दोर एका हातात, लेकरू कडेवर. मधेच गजरानं करायचं ते केलं. खाली कणसांवर ओलं झालं. चिमाआत्या काही बोलणार तेवढ्यात दाजीबांनी मान दुसरीकडं वळवली आणि आभाळ किती भरलंय ते पुन्हा बघायला लागले. मळलेलं सगळं गोळा करून झाकलं, आणि मग पाऊस आला. त्या वर्षीचा शाळू पुढच्या सुगीपर्यंत पुरला, म्हणे, आणि दाणाही कुठं काळा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दाजीबांनी दोन दगडांच्या मधे स्वतः खड्डा घेतला आणि तिवडा दारातच उभा रोवला. रात्रीतून तो आपणहून उभा राहिला असं सांगणारेही गावात आहेत. नाना त्यांच्याशी वाद घालत नाहीत. पुढं गावात पुन्हा बैल आले, गाड्या आल्या, पण गाडी दाराबाहेरच थांबायची आणि कणसं डोक्यावरून आत न्यायची. लोक कुरकुरत, तरी नेत. खळ्यात दरवर्षी नवा तिवडा रोवत. पण पहिला फेरा मात्र लेकुरवाळ्या बाईच्या भोवती, लेकरू तिच्या कडेवर असताना, फिरायचा. हौसा म्हातारी होऊन गेली, तरी ते चालू राहिलं.

मग मळणीची यंत्रं आली, खळं पडीक झालं. गावानं ती जागा कॉलेजला मैदानासाठी दिली. कॉलेजच्या मंडळींनी दगडी कमान बांधायला काढली. उद्घाटनाला मोठे पाहुणे मोटारीतून येणार होते, आणि मोटार तर आत न्यायलाच हवी. खांब काढायला गडी लावले. गावातले लोक जमले, पण शिकलेल्या माणसांपुढं बोलावं कोणी? म्हणून ते गजराला बोलवायला गेले.

गजरा तेव्हा पार पिकली होती. काठी टेकत आली, आणि खाली वाकून खांबाच्या खाचेत बोट घातलं. मंडळींना वाटलं की म्हातारी आता रडेल, नाहीतर शिव्याशाप देईल. तिनं दोन्ही केलं नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "काढा की. फकस्त उद्यापासनं हितं कोण उभं ऱ्हानार, त्याचं नाव सांगून काढा."

गडी पहारी घेऊन बाजूला झाले. कमान ठरली होती त्याहून रुंद बांधली, खांब मधे ठेवून. पाहुणे दारात उतरले आणि पायी आत गेले.

एवढं सांगून नाना थांबतात. ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. मग खांबाजवळ गेला, खाली बसून खाचेत बोट घालून पाहिलं, आणि बस दूर लिंबाखाली नेऊन लावली. लिंब आताचा आहे. जुना कधीच पडला.

आजही बोरतळ्याच्या मैदानात गाडी जात नाही. पळणारी पोरं आत जाताना खाचेला हात लावतात, आणि वर्षातली पहिली शर्यत सुरू व्हायच्या आधी गावातली एक बाई लेकरू कडेवर घेऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहते. खेळाचे सर पिस्तूल वर करतात, पण झाडत नाहीत. आधी मोठ्यानं विचारतात, "लेकरू आत?" ती बाई उत्तर देते, "आत." मगच बार होतो.

पोरं सुटतात, पायऱ्यांवर आरडाओरडा होतो, सगळं मैदान पळणाऱ्यांकडं बघत असतं. मधे उभी असलेली बाई तेवढी दाराकडं बघत असते.